गोल काढलात, पण मधे नाला आहे त्याचं काय?

मागच्या वेळी वस्तीतल्या गरजा नकाशावर कशा मांडायच्या त्याबद्दल लिहिलं होतं, तर इतके प्रश्न आले की ते वाचण्यातच रविवारची सकाळ गेली आणि समोरचे पोहे गार झाले. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून पाच निवडलेत. नावं मुद्दाम देत नाहीये.

प्रश्न: मी रिटायर्ड इंजिनियर, लोकमान्य नगर. आमच्या ग्रुपनं दोन वॉर्डातल्या सगळ्या अंगणवाड्या गूगल मॅपवर टाकल्या आणि प्रत्येकीभोवती ५०० मीटरचा गोल काढला. सगळ्या वस्त्या कुठल्या ना कुठल्या गोलात येतात. म्हणजे नवीन अंगणवाडीची गरज नाही असंच ना? पण सेविका म्हणतात मुलं येत नाहीत.

काका, गोल छानच आले असणार, पण गोल म्हणजे सरळ रेषेतलं अंतर आणि आपल्या इंदूरात सरळ रेषेत फक्त संक्रांतीचा पतंग जातो. माणसाला नाला लागतो, भिंत लागते, रेल्वेलाइन लागते.

मी एका वस्तीत हे स्वतः मोजलंय. घरापासून अंगणवाडी नकाशावर २२० मीटर. मधे नाला, आणि पूल पार खाली, म्हणजे खाली जायचं, पलीकडे जायचं, परत वर यायचं, वरून ट्रकांचा रस्ता क्रॉस करायचा, हे सगळं मिळून ९०० मीटरच्या वर. एक बाई निघाली, सव्वा वर्षाचं कडेवर आणि मोठा बोटाला, मी फोनवर ट्रॅक चालू करून तिच्या मागे. मधेच मोठ्याची चप्पल चिखलात रुतली, ती काढेपर्यंत कडेवरच्यानं भोकाड पसरलं, मग त्याला गप्प करायला एका ओटल्यावर बसलो. पोचायला पंचवीस मिनिटं लागली आणि तोवर खिचडी वाटून झाली होती. ती काही रागावली वगैरे नाही, नुसती म्हणाली, "दीदी, बरसात में कौन आएगा इधर?" तुमच्या गोलात हे घर अगदी मधोमध येतं बरं का.

तेव्हा गोल पुसू नका, पण त्याला निष्कर्षही म्हणू नका. क्यूजीआयएस म्हणून नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात रस्त्यावरून अंतर काढायची सोय आहे, पण त्याला आधी सगळ्या गल्ल्या आणि पायवाटा नकाशात काढलेल्या लागतात, आणि वस्तीतल्या बोळी बहुतेक वेळा नसतातच. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक वस्तीतल्या तीन-चार आयांबरोबर एकदा चाला, शक्य असेल तर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. दुसरं म्हणजे नुसतं अंतर बघू नका. अंगणवाडीचा साधारण हिशोब ४०० ते ८०० लोकांमागे एक असा आहे, तुमच्या एका गोलात तीन हजार माणसं राहत असतील तर गोल भरलाय, अंगणवाडी पुरत नाहीये. आणि तिसरं जरा अवघड आहे, कुणाच्या गल्लीत कुणाच्या घरची बाई जाते आणि कुणाची जात नाही, याची लेयर कुठल्याच सॉफ्टवेअरमधे येत नाही. ते चहा पितानाच कळतं.

प्रश्न: आमचं सुदामा नगरात महिला मंडळ आहे. आसपास कितीतरी मराठी आजी-आजोबा एकटे राहतात, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. त्यांचा नकाशा करून ग्रुपवर लिंक टाकावी असा विचार आहे, म्हणजे कुणीही पटकन मदतीला जाऊ शकेल. कसं करू?

काकू, कल्पना फार चांगली, पण लिंक टाकू नका! थोडं स्पष्टच बोलते, एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांचा पत्त्यासकट नकाशा म्हणजे चोराला घरबसल्या दिलेली यादी आहे. शंभर जणींच्या ग्रुपवरची लिंक शंभर जणींपाशी राहत नाही, ती भाच्याकडे जाते, सोसायटीच्या ग्रुपवर जाते, पुढे कुठे जाते कुणालाच माहीत नसतं.

दोन नकाशे करा. एक खरा, घरानुसार पिना असलेला, तो तुमच्यातल्या दोघी-तिघींकडेच, शेअरिंग बंद ठेवून. त्यातसुद्धा नाव न लिहिता नंबर द्या, म्हणजे घर नंबर ७, आणि ७ म्हणजे कोण ते मंडळाच्या वहीत. दुसरा सगळ्यांना दाखवायचा, त्यात पिना नकोत, गल्ली किंवा ब्लॉकला रंग द्यायचा की इथे पाच जण एकटे आहेत, तिथे दोन. कोण कुठल्या गल्लीची जबाबदारी घेणार हे ठरवायला तेवढं पुरतं. आणि पिन टाकायच्या आधी त्यांना विचारा हो. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झालाय वगैरे ठीक आहे, पण कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. एका आजोबांनी मला सरळ सांगितलं होतं की मला गरजूंच्या यादीत घालायचं असेल तर आधी मी काय देऊ शकतो ते लिही, मी रोज दोन तास मुलांचं गणित घेऊ शकतो. तेव्हापासून आम्ही प्रत्येक नकाशात दुसरा रंग ठेवतो, कोण काय देऊ शकेल त्याचा. नुसत्या गरजांचा नकाशा केला की सगळी वस्ती बिचारी दिसायला लागते.

प्रश्न: ताई, मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या कोर्सच्या, सेकंड इयरला आहे. फील्डवर्क खान नदीच्या काठच्या वस्तीत आहे आणि सर म्हणाले जीआयएस वापर, म्हणजे कॉम्प्युटरवर माहिती नकाशात मांड. लॅपटॉप नाही, बजेट शून्य. काय वापरू?

फोन आहे ना, मग झालं. कोबो टूलबॉक्सवर फॉर्म बनव, फॉर्ममधे लोकेशनचा प्रश्न घाल, नेट नसलं तरी भरता येतो आणि नंतर अपलोड होतो. नकाशा बनवायला क्यूजीआयएस फुकट आहे, दोन दिवस कॉलेजच्या लॅबमधे बस, येतं. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर दाखवतं, पण दाट बोळीत, पत्र्यांच्या मधे ते भटकतं आणि तुझं घर नाल्यात जाऊन पडतं, म्हणून प्रत्येक पिन घरी येऊन उपग्रहाच्या चित्रावर तपास.

पण हे सगळं दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात फोन खिशात ठेव, खडू आण, आणि बायकांना म्हण की जमिनीवर तुमची वस्ती काढा. कुठून सुरुवात करतात ते बघ. मी एकदा बघितलं, पुरुषांनी आधी मेन रोड आणि मंदिर काढलं, बायकांनी आधी नळ काढला, मग संडास, मग ज्या कोपऱ्यावरून रात्री एकटीनं जात नाहीत तो कोपरा. तुझ्या फॉर्ममधे तो कोपरा कुठल्या प्रश्नात आला असता?

प्रश्न: इतकी वर्षं समाजसेवा नकाशाशिवायच झाली ना? आणि इंदूर तर स्वच्छतेत नंबर वन, आता ही कॉम्प्युटरची थेरं कशाला?

नकाशाशिवाय झाली हे खरं नाहीये. शिकागोच्या गरीब वस्तीतलं हल हाऊस हे सेवाकेंद्र, तिथल्या बायकांनी १८९५ मधे आपल्या वस्तीचे घरोघरचे नकाशे छापले, एक रंग आठवड्याच्या कमाईप्रमाणे, एक कोण कुठल्या देशातून आलंय त्याप्रमाणे. समाजकार्याचा पेशा अशाच कामांतून तर उभा राहिला. आणि लांब कशाला, आपल्याच इंदूरात होळकर दरबारानं पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, त्याचा अहवाल १९१८ चा. हा माणूस गल्लोगल्ली पायी फिरायचा आणि सरसकट घरं पाडून सरळ रस्ते काढायच्या विरुद्ध होता. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं न नेता ज्या गल्ल्यांनी जास्त घरं झाडून-दुरुस्त करून ठेवली तिकडून नेली, आता सांगा, स्वच्छतेची स्पर्धा कुणी सुरू केली?

नंतर इंदूरातच इंजिनियर हिमांशू परीख यांनी वस्त्या सुधारायचं स्लम नेटवर्किंग नावाचं काम केलं, त्याला १९९८ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. कल्पना एवढीच की वस्त्यांचा नकाशा पाणी वाहून जाण्याच्या नकाशावर ठेवला, तर दोन्ही जवळपास एकावर एक बसले, कारण गरिबाला जागा मिळते ती नाल्याकाठीच. मग ड्रेनेजच्या लाइनी त्याच उतारानं टाका, वस्ती सुधारते आणि शहरही. पुढे देखभालीवरून, घराघरातल्या कनेक्शनवरून बरीच टीका झाली, ती रास्तच होती, पण दोन कागद एकमेकांवर ठेवले नसते तर हे दिसलं असतं का?

प्रश्न: नगरसेवकांना दाखवायला वॉर्डाप्रमाणे रंगीत नकाशा करतोय, कुपोषित मुलं जिथे जास्त तिथे लाल. काही सूचना?

संख्येनं रंगवू नका, टक्केवारीनं रंगवा, नाहीतर मोठा वॉर्ड नेहमीच लाल दिसेल. आणि ८५ वॉर्डांच्या सरासरीत वस्ती हरवते, एकाच वॉर्डात इकडे बंगले आणि तिकडे झोपड्या असल्या की रंग येतो फिकट केशरी आणि सगळे निवांत. लोकसंख्या २०११ ची घेताय का तेही बघा, तेव्हापासून शहर कुठल्या कुठे पसरलंय.

साहेबांना दाखवायच्या आधी एक मोठी प्रिंट वस्तीतल्या ओटल्याशेजारच्या भिंतीवर चिकटवा, बाजूला दोरीनं स्केचपेन बांधून ठेवा. आम्ही असंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर सार्वजनिक शौचालयाच्या आमच्या सुबक निळ्या चिन्हावर कुणीतरी काट मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "ताला लगा है, चाबी किसके पास?"