ऑनलाइन पेमेंट करून क्रेडिट कार्डाचे पॉइंट जास्त कसे मिळवायचे? आणि बँकेचे फ्रॉड अलर्ट सारखे येतात त्यांचं काय करायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मेसेजचा कंटाळा आलाय, परवा चांगलं चालू असलेलं पेमेंट बँकेने अडवलं, त्यामुळे बँकेचे मेसेज म्यूट करून टाकायचा विचार आहे. हे वाचलं आणि राहवलं नाही. पॉइंटचं सांगते पुढे, पण मेसेज म्यूट करू नका. वैताग आला तरी नको.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही. माझ्या मिस्टरांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, त्यांनी क्रेडिट कार्ड कधी घेतलंच नाही, तत्त्व म्हणून. पण गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला जर्मनीत मास्टर्सला अर्ज करायचे होते, ते युनि-असिस्ट, म्हणजे जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी संस्था, तिच्यातून जातात, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. भाऊजींचं डेबिट कार्ड तिथे चालेना. तर माझ्या कार्डावरून भरायचं ठरलं, आणि भाऊजी म्हणाले की तुला काय, तुला पॉइंट मिळतायत. परदेशी चलनात खर्च केला की बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो, त्याच्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर गेले, आणि पॉइंट मिळतात एक टक्क्याचे. तेव्हा मी बोलले नाही, पोरीचं काम होतं. ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू केला, त्याला २५,००० ची मर्यादा घातली आणि फी भरली. १५ जुलैच्या आत अजून दोन-तीन अर्ज जायचे होते म्हणून ते चालूच ठेवलं.

आषाढीच्या आदल्या रात्री, शनिवार होता, साबुदाणा भिजत घालत होते तेव्हा मेसेज आला. एक डॉलर आणि काही सेंट, कुठल्यातरी वेबसाइटचं नाव. मिस्टर म्हणाले, अगं ते जर्मनीचंच काहीतरी असेल. मी म्हटलं जर्मनीवाले डॉलर कशाला घेतील, ते युरो घेतात. तसाच ओला हात पदराला पुसून ॲप उघडलं तेवढ्यात दुसरा मेसेज, १८,६४०. आणि लगेच तिसरा, तेवढ्याच रकमेचा, पण तो नाकारला होता, कारण माझी २५,००० ची मर्यादा ओलांडत होती. यातल्या एकालाही ओटीपी आला नाही. हे खूप जणांना माहीतच नसतं, की आपल्याकडे ओटीपी लागतो तो आपल्या देशातल्या व्यवहारांना, बाहेरच्या कितीतरी वेबसाइट नुसत्या नंबर, तारीख आणि सीव्हीव्हीवर (कार्डावरचा छोटा गुप्त आकडा) पैसे घेतात. आधी एक डॉलर घेऊन बघतात कार्ड जिवंत आहे का, मग मोठी रक्कम मारतात. तो एक डॉलरचा मेसेज म्हणजेच खरा अलर्ट. तुम्ही म्यूट करणार आहात तो हाच मेसेज.

मी इंटरनॅशनल बंद केलं आणि कार्ड कायमचं ब्लॉक करायचा पर्याय शोधत होते तोच फोन वाजला. बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय मॅडम, तुमच्या कार्डावर परदेशातून व्यवहार झालाय, लगेच रिव्हर्स करतो, आता जो नंबर येईल तेवढा सांगा. माझं नाव माहीत, कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत, बोलणं इतकं गोड आणि व्यवस्थित की कोणीही फसेल. नंबर आला. मी मेसेज पूर्ण वाचला. त्यात लिहिलेलं होतं की ९,९९९ रुपये, अमुक वॉलेटमध्ये भरण्यासाठीचा ओटीपी. पैसे परत येणार असतील तर वॉलेटमध्ये भरायचा ओटीपी कशाला लागेल? फोन कट केला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानदाराचं नाव लिहिलेलं असतं ते वाचायसाठीच असतं, लोक नुसते सहा आकडे बघतात. आणि पैसे परत द्यायला कोणतीही बँक ओटीपी मागत नाही. खरीच बँक फोन करत असेल तरी कट करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन लावा, त्यात काही अपमान होत नाही कोणाचा.

मग मी कार्ड कायमचं ब्लॉक केलं, मागच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतला, वेळेसकट. मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकून पावती ठेवली. सोमवारी बँकेचा डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहारावर हरकत घ्यायचा फॉर्म, भरून ईमेलने पाठवला. एवढंच करायचं असतं, पण त्याच दिवशी करायचं असतं.

कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधेच कुठेतरी माहिती फुटली, आणि तुम्ही अलर्ट आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. चार ते सात कामाचे दिवस लावलेत तर काही भाग तुमच्या अंगावर, पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डाला १०,००० पर्यंत, त्यावरच्याला २५,००० पर्यंत. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. म्हणजे घड्याळ अलर्टपासून चालू होतं. मेसेज म्यूट करून आठ दिवसांनी स्टेटमेंट बघणारा माणूस स्वतःच्या हाताने हा हक्क घालवतो. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते, नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो, आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची असते. हे मला पाठ झालंय, का ते सांगते.

बिल आलं त्यात ते १८,६४० होतेच. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, मॅडम आधी पूर्ण बिल भरा, नंतर ॲडजस्ट होईल. भाऊजींनीही तेच धरलं, भरून टाक, नाहीतर सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याचा स्कोअर, खराब होईल, होमलोन मिळणार नाही. मी भरले नाहीत. माझा जो खरा खर्च होता तो तारखेच्या आत पूर्ण भरला आणि बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल लिहिला, तक्रार क्रमांक, वेळ, २०१७ चं परिपत्रक, आणि २०२२ च्या क्रेडिट कार्डाच्या नियमांतलं ते वाक्य की ग्राहकाने फ्रॉड म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कुठलाही चार्ज लावायचा नाही. लेट फी लावली होती तीही लिहिली. आठवडाभरात रक्कम जमा झाली, लेट फी आणि तिच्यावरचा जीएसटी परत आला, पुढे केस माझ्या बाजूने बंद झाली. झालं नसतं तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही.

आणि एवढं होऊन गणपतीला गावी सगळे जमले असताना भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले की पॉइंटांच्या नादाला लागलं की असंच होतं. हे मला लागलं आणि अजून लागतं. कार्डावर बाहेरचा वापर चालू होता तो त्यांच्या मुलीच्या अर्जांसाठी. पॉइंटांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि हाच प्रकार डेबिट कार्डावर झाला असता तर? नियम तोच आहे, २०१७ चा, डेबिटलाही लागू. पण तोपर्यंत अडकले असते ते आपल्या खात्यातले पैसे, ज्याच्यातून हप्ता जातो, शाळेची फी जाते. क्रेडिट कार्डात अडकतात ते बँकेचे, म्हणून भांडायला आपल्याला उसंत मिळते. ऑनलाइन खरेदी डेबिट कार्डाने करू नये हे माझं स्पष्ट मत आहे, कोणाला पटो न पटो.

आता पॉइंट. १०० रुपयांना चार पॉइंट म्हटलं की भारी वाटतं, पण पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर तो एक टक्का झाला. त्यामुळे पहिलं बघायचं एक पॉइंट म्हणजे किती पैसे, आणि तो कशावर वापरला तर. काही कार्डांवर बिलात वळते केले तर कमी किंमत मिळते, व्हाउचर किंवा विमानाच्या तिकिटाला जास्त, आणि वापरताना ९९ रुपये अधिक जीएसटी कापणाऱ्या बँका आहेत. मला थेट कॅशबॅकवालं कार्ड बरं वाटतं, हिशेब करत बसावं लागत नाही. दुसरं, कशावर पॉइंट मिळत नाहीत ती यादी आधी वाचा. वॉलेटमध्ये पैसे भरणं, घरभाडं, पेट्रोल यांच्यावर बहुतेक ठिकाणी काही नाही, भाड्यावर तर उलट एक टक्का फी घेतात बऱ्याच बँका. विमा आणि लाइटबिलावर कार्डाकार्डाला वेगळं, तेही महिन्याला ठराविक रकमेपर्यंतच. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवरून व्हाउचर घेऊन मग तेच किराण्याच्या ॲपवर वापरलं की जास्त पडतात, हे मी नेमाने करते. वाण्याकडे, भाजीवाल्याकडे कार्डाचं मशीन नसतं, तिथे दुकानाचा क्यूआर असेल तर यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड चालतं, त्याचेही पॉइंट बऱ्याच कार्डांवर जमा होतात. आणि बिल पूर्ण भरत नसाल तर हे सगळं सोडून द्या. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, वर जीएसटी, त्याच्यापुढे कुठलाच पॉइंट टिकत नाही.

हो, आणि तुमचे अमुक हजार पॉइंट आज रात्री बारा वाजता एक्स्पायर होतायत, हे ॲप टाका, असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो, खाली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. ती टाकली की ती तुमचे एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. पॉइंट बघायचे तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊनच बघा. माझे सासरे ती फाइल उघडणारच होते, सुदैवाने आधी मला दाखवली.

चालू पेमेंट अडवलं म्हणून तुम्ही चिडलात ते समजू शकते, माझंही एसटीच्या बुकिंगला झालंय. नेहमीपेक्षा मोठी रक्कम, नवीन वेबसाइट, अवेळ, असं काही जुळलं की सिस्टीम थांबवते. ॲपमध्ये 'हो, मीच केला' असा पर्याय आला तर द्या आणि पुन्हा करा, दोन मिनिटं जातात. जाहिरातीचे मेसेज वेगळे, ते खुशाल बंद करा, बँकेच्या ॲपमध्ये तो पर्याय असतो. व्यवहाराचे मात्र वाजू द्या.

आणि हे सांगायचं राहिलं, वरचं शून्य जबाबदारीचं तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर लागू नाही, बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तरीही लाजून गप्प बसू नका, त्या क्षणी फोन करा. आणि कार्ड बदललं की त्याच्यावरचे ऑटोपे सगळे पुन्हा लावावे लागतात, माझं मोबाइलचं बिल त्यात राहून जाता जाता वाचलं. पॉइंट मात्र नवीन कार्डावर जसेच्या तसे आले. दर, फी, मर्यादा बँका सतत बदलतात, त्यामुळे आकडे तुमच्या कार्डाच्या पानावर एकदा पडताळून घ्या.

तुमच्याकडे कोणतं कार्ड आहे आणि महिन्याचा खर्च मुख्य कशावर होतो ते लिहिलेलं नाही. ते खाली लिहिलंत तर कशावर पॉइंट मिळत नाहीत ते बघून सांगते.