घराचा नकाशा पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

‘होम असिस्टंट’ ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते. तिच्यात आपल्या घराचा नकाशा टाकायचा आणि त्या नकाशावर बोट ठेवूनच दिवे-पंखे चालवायचे, याविषयी आलेल्या पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न: बिल्डरच्या ब्रोशरमधल्या नकाशाचा फोटो काढून त्यावरच दिव्यांची चिन्हं लावली तर चालेल का? (पिंपरी)

गिरवायला चालेल, दाखवायला नको. ब्रोशरमध्ये सोफा, पलंग, फरशी असं सगळं छापलेलं असतं. त्या गर्दीत दिवा चालू आहे की बंद, हे चार फुटांवरून कळत नाही. शिवाय फोटो थोडा जरी तिरका आला, तरी भिंती समांतर राहत नाहीत.

टेप घ्या आणि प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि एक कर्ण मोजा. कर्ण विसरू नका. १० बाय १२ फुटांच्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंच यायला हवा. तीन-चार इंचांचा फरक आला तर एकतर मोजण्यात चूक आहे किंवा खोली काटकोनात नाही. भिंतींची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. आतली आणि बाहेरची भिंत वेगळी असते, म्हणून दोन्हीकडे मोजा.

पुढचं काम ‘स्वीट होम थ्रीडी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. ब्रोशरचा फोटो पार्श्वभूमी म्हणून आत घ्या. तिथे एक रेघ ओढून तिची खरी लांबी विचारली जाते. घरातली सगळ्यात लांब भिंत त्यासाठी निवडा, म्हणजे मापातली चूक कमीत कमी पसरते. भिंती गिरवून झाल्या की फोटो काढून टाका आणि प्लॅन मेनूतून नकाशा एसव्हीजी स्वरूपात (प्रत्येक आकार वेगळा राहणारं रेषाचित्र) बाहेर काढा.

पुढे दोन वाटा आहेत. होम असिस्टंटमध्ये मुळातच असलेलं ‘पिक्चर एलिमेंट्स’ कार्ड (पडद्यावरची एक चौकट) म्हणजे एक चित्र आणि त्यावर टक्केवारीने बसवलेली चिन्हं. दुसरी वाट ‘एचए-फ्लोरप्लॅन’ या वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या कार्डाची. तिथे नकाशातली खोलीच रंग बदलते. आधी पहिल्या वाटेने फक्त हॉल करा आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांना वापरू द्या. कुणी कुठे बोट ठेवतं हे तेव्हाच कळतं, आणि दुसऱ्या वाटेवरची बरीच मेहनत वाचते.

प्रश्न: ‘इंकस्केप’ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढून एचए-फ्लोरप्लॅनला जोडला. दोन खोल्या चालतात. बाकीच्यांचा रंग बदलत नाही, आणि एका खोलीवर फक्त कडेला बोट लागलं तरच दिवा लागतो. (नाशिक)

इथे एक नाही, तीन वेगळे दोष दिसतात. नकाशातला आकार आणि घरातलं उपकरण यांची गाठ फक्त आयडीने पडते, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करू.

इंकस्केपमध्ये आकाराला दोन नावं असतात, लेबल आणि आयडी. लेयरच्या यादीत डबलक्लिक करून जे बदलतं ते लेबल. कार्डाला त्याचा काही उपयोग नाही. आकार निवडून कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, आयडीच्या चौकटीत नाव लिहा आणि खालचं ‘सेट’ बटण असेल तर ते दाबा. हे बटण राहून गेलं की नाव लिहिलेलं दिसतं, पण साठवलं जात नाही. खात्री करायची तर कंट्रोल-शिफ्ट-एक्सने एक्सएमएल संपादक उघडून आयडी वाचा. फाइल ‘ऑप्टिमाइझ्ड’ प्रकारात साठवत असाल तर तेही थांबवा. न वापरलेले आयडी काढून टाकण्याचा पर्याय त्यात असतो आणि तुमच्या खोल्यांचे आयडी त्याला न वापरलेलेच वाटतात. ‘प्लेन एसव्हीजी’ निवडा.

आयडी बरोबर असूनही रंग बदलत नसेल तर दोष बहुतेक वेळा असा असतो: इंकस्केप प्रत्येक आकाराचा रंग त्या आकाराच्याच स्टाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि आकारावर लिहिलेली स्टाइल सीएसएस फाइलमधल्या (रंगरूपाचे नियम असलेल्या फाइलमधल्या) क्लासवर, म्हणजे नाव दिलेल्या नियमावर, मात करते. कार्ड ‘दिवा-चालू’ हा क्लास लावतं, नियम वाचला जातो, पण पिवळा रंग काही दिसत नाही. एक्सएमएल संपादकात त्या आकाराच्या स्टाइलमधून ‘फिल’ काढून टाका. ते जमत नसेल तर सीएसएसमधल्या रंगापुढे उद्गारचिन्ह लावून ‘इम्पॉर्टंट’ लिहा. पहिला उपाय स्वच्छ आहे. दुसऱ्याने काम होतं, पण पुढे रंग ठरवणारे नियम वाढले की गुंता होतो.

कडेलाच बोट लागणारी खोली म्हणजे ज्याच्या ‘फिल’ला ‘नन’ दिलं आहे असा चौकोन. आत रंगच नसेल तर ब्राउझर आतल्या भागाला स्पर्शच मानत नाही, फक्त रेघेला मानतो. आत कोणताही रंग भरा आणि त्याची अपारदर्शकता शून्य करा. डोळ्याला काही फरक दिसणार नाही, पण पूर्ण खोली बोटाला उत्तर देऊ लागेल. खोलीच्या नावाची अक्षरं चौकोनाच्या वर असतील तर तीही स्पर्श अडवतात. त्यांना सीएसएसमध्ये ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ द्या.

तापमानासारखा बदलता मजकूर ठेवायचा असेल तर टेक्स्ट टूलने चौकट ओढू नका, एकदाच क्लिक करून लिहा. आणि अक्षरं ‘पाथ’मध्ये कधीही बदलू नका. एकदा पाथ झाला की तो नुसता आकार उरतो आणि कार्डाला त्यात २८.४ लिहिता येत नाही.

सगळं बरोबर करूनही जुनंच चित्र दिसत असेल तर ब्राउझरने साठवलेली प्रत समोर येते आहे. फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा जोडा, आणि प्रत्येक बदलाला तो आकडा वाढवा. चित्राला आणि सीएसएसला, दोन्हींना.

प्रश्न: संगणकावर चिन्हं बरोबर बसतात. भिंतीवरच्या टॅबवर नकाशा खाली कापला जातो आणि मोबाइलवर चिन्हं एकमेकांवर चढतात. (ठाणे)

‘पिक्चर एलिमेंट्स’ कार्ड रुंदीला भिडतं आणि उंची चित्राच्या प्रमाणात घेतं. १२८० बाय ८०० च्या टॅबवर १६:१० चं चित्र टाकलंत की त्याला पूर्ण ८०० उंची लागते, पण वरची पट्टी साधारण ५६ खाऊन टाकते. म्हणून चित्रच १२८० बाय ७४० च्या प्रमाणात काढा. व्ह्यूचा (पडद्यावरच्या पानाचा) प्रकार ‘पॅनेल’ ठेवा आणि टॅबसाठी वेगळा वापरकर्ता करून त्याच्या प्रोफाइलमधून डावीकडचा मेनू कायमचा लपवा.

चिन्हांची जागा टक्क्यांत असते, आकार मात्र ठरावीक राहतो. म्हणून लहान पडद्यावर गर्दी होते. टक्के काढायची रीत सोपी: १६०० बाय १००० च्या चित्रात दिवा डावीकडून ५६० आणि वरून ३२० वर असेल तर ‘लेफ्ट’ ३५ टक्के, ‘टॉप’ ३२ टक्के. ही जागा चिन्हाच्या मध्याची धरली जाते. त्यामुळे तापमानाच्या आकड्याऐवजी ‘अनुपलब्ध’ असा लांब शब्द आला की मजकूर दोन्हीकडे पसरतो. डावी कड पक्की हवी असेल तर त्या घटकाच्या स्टाइलमध्ये ‘ट्रान्सफॉर्म: नन’ लिहा.

मोबाइलवर नकाशा आणू नका. हातातल्या पडद्यावर खोल्यांची साधी यादी जलद चालते, नकाशाची खरी जागा भिंत आहे.

प्रश्न: स्वीट होम थ्रीडीमधून प्रत्येक दिव्याचं वेगळं चित्र काढून एकावर एक ठेवलं. एक दिवा ठीक दिसतो, चार लावले की सगळं घर पांढुरकं होतं. (कोल्हापूर)

चित्रं मिसळण्यासाठी तुम्ही ‘स्क्रीन’ पद्धत वापरली असणार. प्रत्येक चित्रात दिव्याच्या उजेडाबरोबर अंधाऱ्या घराचा थोडा उजेडही असतो, आणि ‘स्क्रीन’मध्ये तो दर थराला पुन्हा मिळवला जातो. चित्राच्या स्टाइलमधल्या ‘मिक्स-ब्लेंड-मोड’ला ‘लायटन’ द्या. त्यात प्रत्येक ठिपक्यावर दोन्हींपैकी उजळ रंग तेवढा उरतो, घर उजळत जात नाही. दोन दिव्यांचा उजेड जिथे एकत्र येतो तिथे तो खऱ्याइतका वाढलेला दिसत नाही, पण भिंतीवरच्या नकाशाला तेवढं पुरतं. आणखी एक फायदा: ‘लायटन’ला पारदर्शक चित्रं लागत नाहीत, त्यामुळे जड पीएनजीऐवजी जेपीईजी चालतं. जुन्या टॅबवर हा फरक लगेच जाणवतो.

कॅमेऱ्याची जागा ‘स्टोअर पॉइंट ऑफ व्ह्यू’ने साठवून सगळी चित्रं तिथूनच काढा आणि वेळ रात्रीचीच ठेवा, नाहीतर खिडकीतला सूर्यप्रकाश प्रत्येक थरात शिरतो. थराचं चित्र ‘टॉप’ ५०, ‘लेफ्ट’ ५०, ‘विड्थ’ १०० टक्के असं बसवा आणि त्यालाही ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ द्या. बोटाने दाबायची चिन्हं यादीत सगळ्यात शेवटी ठेवा, कारण नंतरचा घटक वर बसतो.

प्रश्न: नकाशावर एसी बंद दिसतो आणि खोलीत तो चालू असतो. असं का? (नागपूर)

इन्फ्रारेडवर चालणाऱ्या एसीला आज्ञा जाते, उत्तर परत येत नाही. घरातल्या कुणी मूळ रिमोट वापरला की प्रणालीचा अंदाज चुकतो. ज्या नकाशावर विश्वास ठेवता येत नाही तो लोक आठवडाभरात वापरायचं सोडतात, म्हणून हा दोष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग एसीला लावा. एसी बंद असताना आणि नुसत्या पंख्यावर असताना किती वॉट दिसतात ते नोंदवा, आणि मधला आकडा सीमा म्हणून घ्या. त्यावरून टेम्प्लेट प्रकारचा बायनरी सेन्सर (फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ सांगणारा) करा. ‘बंद’ ठरायला एक मिनिटाचा विलंब ठेवा, म्हणजे क्षणभर वीज कमी झाली तरी चिन्ह लुकलुकणार नाही. नकाशावर रंग या सेन्सरचा आणि स्पर्शाची आज्ञा इन्फ्रारेडची, अशी विभागणी करा.

स्मार्ट बल्बचंही असंच आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब ‘अनुपलब्ध’ होतो. त्याला ‘बंद’चा रंग देऊ नका, वेगळा करडा द्या. वीज गेल्यावर नकाशा खरा दिसण्यासाठी राउटर आणि होम असिस्टंटचा संगणक इन्व्हर्टरवर हवेत.

प्रश्न: मुलांनी टॅबवर खेळताना गिझर लावला. काय करावं? (सातारा)

त्या चिन्हाच्या ‘टॅप अॅक्शन’ला ‘कन्फर्मेशन’ जोडा, म्हणजे आधी विचारणा होते. पण खरी सुरक्षा गिझर चालू-बंद करणाऱ्या रिलेमध्येच हवी, कारण होम असिस्टंट बंद पडलं तर त्यातलं ऑटोमेशनही चालत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण १८ ते १९ मिनिटं लागतात, म्हणून २० मिनिटांनी आपोआप बंद ठेवा. रिलेवर ‘टासमोटा’ हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर ‘पल्सटाइम’ १३०० द्या. १११ च्या पुढच्या आकड्यांतून १०० वजा होऊन उरलेले सेकंद धरले जातात, म्हणजे १२०० सेकंद. २ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. १० अँपिअरच्या रिलेवर हा भार रोज टाकू नका, १६ अँपिअरचा रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठ्या भारासाठीचा स्विच) घ्या आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न: सांगलीत आई-बाबांच्या घराचा नकाशा मी इथून पाहते. तो दुसऱ्या कुणाला दिसू शकतो का? (न्यू जर्सी)

नकाशाचं चित्र दिसू शकतं. होम असिस्टंटच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरमधल्या फाइली ‘लोकल’ या पत्त्यावर लॉगइनशिवाय मिळतात. ज्याला पत्ता ठाऊक आहे किंवा अंदाजाने सापडला, तो चित्र उघडू शकतो. दिव्यांची स्थिती मात्र लॉगइनशिवाय दिसत नाही. म्हणून चित्रात नावं, कपाटाची जागा, ‘बाबांची खोली’ असं काही लिहू नका. फाइलचं नावही ‘फ्लोरप्लॅन’ ठेवू नका. राउटरवर ८१२३ हे पोर्ट (बाहेरून होम असिस्टंटपर्यंत पोचायचं दार) उघडलेलं असेल तर बंद करा आणि वायरगार्ड किंवा टेलस्केल या व्हीपीएनमधून, म्हणजे खासगी सुरक्षित मार्गाने, जोडा.

दार शेवटचं कधी उघडलं, ही वेळ तुम्हाला न्यू जर्सीची दिसत असेल तर तुमच्या प्रोफाइलमध्ये टाइम झोन ‘सर्व्हर’ निवडा. आणि कोणती दारं, कोणते सेन्सर नकाशावर असावेत, हे आई-बाबांनाच ठरवू द्या.

प्रश्न: भिंतीवरचा टॅब कायम चार्जिंगला असतो. त्याची पाठ फुगली आहे. (पुणे)

आत्ताच काढा, चार्जर लावू नका आणि दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

नव्या टॅबचा चार्जर स्मार्ट प्लगवर घ्या. ‘फुली किऑस्क’ ब्राउझरची जोडणी केली की बॅटरीचे टक्के होम असिस्टंटमध्ये येतात. ३० च्या खाली प्लग चालू, ८० च्या वर बंद. आकड्यावरचा ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारी अट) सीमा ओलांडताना एकदाच चालतो. त्याच वेळी प्रणाली पुन्हा सुरू होत असेल तर तो क्षण हुकतो आणि टॅब रात्रभर चार्ज होत राहतो. त्यामुळे दर १५ मिनिटांनी तीच तपासणी करणारा दुसरा ट्रिगर त्याच ऑटोमेशनमध्ये घाला.