एमएस ईएनटी करून यूकेला यायचं म्हणतोयस तर

कान-नाक-घशात (ईएनटी) एमएस झालंय, बायको आणि चार वर्षांची मुलगी आहे, यूकेत ईएनटी सर्जन व्हायला किती वर्षं लागतील असं विचारलंयस. व्हिसा, आयईएलटीएस वगैरे साइटवर आहे, ते सोड. प्लॅबपेक्षा (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची इथली परीक्षा) सर्जनची एमआरसीएस परीक्षा दे, इथल्या डॉक्टर रजिस्ट्रेशनला चालते आणि एसटी थ्रीला, म्हणजे ईएनटी स्पेशालिस्ट ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला, नाहीतरी लागतेच.

आता खरं सांगू का, आपलं एमएस तीन वर्षांचं, इथे दोन वर्षं कोअर सर्जिकल म्हणजे सर्जरीचं पायाभूत ट्रेनिंग, मग एसटी थ्री ते एट सहा वर्षं, शेवटी एफआरसीएस ही अंतिम परीक्षा. कोअरला आपला अनुभव उलट जास्त ठरतो आणि एसटी थ्रीला पॉइंट्स वॉर्डातल्या कामाचं ऑडिट, छापलेले पेपर, टीचिंग यांचे, तू मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन किती सफाईने करतोस हे तिथे कोणी बघत नाही. शिवाय 2025 मध्ये सरकारने सांगूनच टाकलंय की ट्रेनिंगच्या जागांवर इथल्या ग्रॅज्युएट्सना आधी घेणार. म्हणजे आपल्यासारखे बहुतेक क्लिनिकल फेलो, म्हणजे ट्रेनिंगबाहेरच्या नोकरीतले डॉक्टर, होऊन राहतात, रात्री दोनला नाकातून रक्त येणाऱ्या आजोबांना रॅपिड राइनो (नाकात घालून रक्त थांबवायचा फुगा) घालायचं, क्विन्झीतला (टॉन्सिलजवळच्या गळूतला) पू काढायचा, सकाळी कन्सल्टंटसमोर पेशंटची लिस्ट वाचायची. मग पोर्टफोलिओ पाथवे, म्हणजे इथलं ट्रेनिंग न करता कागदपत्रांवर स्पेशालिस्ट व्हायचा रस्ता, त्याला जुन्या लॉगबुकवर (ऑपरेशनच्या नोंदवहीवर) सह्या. माझे एचओडी रिटायर झालेले, कॉलेजचा क्लार्क म्हणे सर स्वतः या. स्वतः या! त्यामुळे निघायच्या आधी पानापानावर सही-शिक्का घेऊन ठेव.

मुलीचं म्हणशील तर, आमची वर्गात बोलायची नाही म्हणून शाळेने हिअरिंग टेस्ट करून घ्या असं पत्र दिलं. मी ईएनटीवाला, घरी ओट्याजवळ पाठमोरी उभी करून हळूच "चॉकलेट" म्हटलं तर गर्रकन वळायची. तरी पत्र आलंय म्हणून ऑडिओग्राम केला, नॉर्मल. पोरगी फक्त बुजली होती हो. पुढे माझी नोकरी बदलली, शाळा बदलली, परत तेच. आता फाडफाड इंग्लिश बोलते, पण ते पत्र मी अजून टाकलेलं नाही, का ते विचारू नकोस.

एकटेपणा असतो, होते सवय.

माझा ज्युनियर सोलापूरला स्वतःच्या ऑपरेशन थिएटरात टिंपॅनोप्लास्टी (कानाच्या पडद्याचं ऑपरेशन) करतो, ग्रुपवर व्हिडिओ टाकतो, मी अंगठा दाखवतो आणि मग तोच व्हिडिओ परत बघतो. पगार, रजा, मुलीचं शिक्षण सगळं धरलं तर मी परत जाणार नाही, हेही तितकंच खरं. पण पाच वर्षं दुसऱ्याच्या ऑपरेशनच्या लिस्टवर असिस्ट करणं जमेल का ते तू ठरव. आणि बायको काय म्हणते ते तू लिहिलंच नाहीस, तिला विचारून मग मेसेज कर, पोर्टफोलिओचा फॉरमॅट पाठवतो.