बाईंची वही

"बातम्या बघितल्या नाहीत तर जीव खालीवर होतो, आणि बघितल्या की रात्रभर डोळा लागत नाही. काय करू?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहायला हवं होतं. एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय 64. मुलगा-सून नोकरीला, नऊ वर्षांचा नातू दिवसभर त्यांच्याकडे. सून त्यांना घेऊन आली, कारण महिनाभर नातू खाली खेळायला गेला नव्हता. बाईंच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ येत होते. पहाटे तीनला जाग आली की उशाखालचा फोन हातात, मग उजाडेपर्यंत तेच. आलेला प्रत्येक व्हिडिओ त्या पुढे पाठवायच्या. सून जरा चिडून बोलली, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मी पाठवलं नाही आणि कुणाचं लेकरू गेलं तर?"

या वाक्यात माया आहे. म्हणून "फोन ठेवून द्या" असं मी म्हणाले नाही. ते घरचे सांगतच असतात, आणि त्याने माणूस फक्त लपून बघायला लागतो. मी त्यांना एक वही घालायला सांगितली: फोन कधी उचलला, त्याआधी मनात काय होतं, नंतर कसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात बाई दोनशे पानी वही घेऊन आल्या. लाल पेनाने समास आखलेला, अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं. 'दु. 3.10. बस यायची आहे. छातीत धडधड. बघितल्यावर जास्त.' 'दु. 3.25. बस आली. फोन बाजूला.' पान उलटत गेलो तसं दिसलं की दिवसाच्या निम्म्याहून जास्त नोंदी शाळेची बस यायच्या आधीच्या तासातल्या होत्या. बाई स्वतःच थांबल्या. मग म्हणाल्या, की नोकरीच्या सुरुवातीला सहलीत वर्गातला एक मुलगा गर्दीत चुकला होता. अर्ध्या तासाने सापडला, भेळेच्या गाडीशी उभा होता. "तेव्हापासून मी डोकी मोजते. रात्रीसुद्धा मोजतेच आहे बहुतेक."

मला वाटतं, खरी गाठ इथे सुटली. बातम्यांत त्या माहिती शोधत नव्हत्या, पहारा देत होत्या. आणि फोनवरच्या पहाऱ्याला हद्द नसते. गल्लीतल्या मुलांची डोकी मोजून होतात, देशभरातली कशी होणार?

"पण मी नुसतं बघते, त्याने काय होणार?" असंही त्यांनी विचारलं. 2013 मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच्याच बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवल्याचं संशोधकांना आढळलं. हे सांगितल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

राईनपाड्याबद्दल मी तिसऱ्या भेटीत बोलले. आधी बोलले असते तर भीतीवर अपराधाचं ओझं चढलं असतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात अशाच अफवेवरून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. 2020 च्या एप्रिलपासून तर फार फिरलेला, दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. बाईंनी तिथेच फोन उघडून ते बाण शोधले. पाठवलेल्या बहुतेक व्हिडिओंवर होते. डोळे भरून आले त्यांचे. मी म्हटलं, लेकराची काळजी खरीच आहे, ती 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकाला किंवा 112 ला कळवता येते. व्हिडिओ पाठवून ती पोचत नाही.

मग पहारा बाईंच्याच पायांवर आणला. तीनला फोन घरी ठेवून बसथांब्यावर जायचं. पाच वाजता मैदानाकडेच्या बाकावर बसायचं, नातू समोर खेळेल. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, त्यांच्या जुन्या सवयीच्या, आणि एक वर्तमानपत्र. बस्स. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, उशाशी गजराचं घड्याळ.

सरळ रेषेत काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक व्हिडिओ आला आणि दोन रात्री पुन्हा गेल्या. त्यांनी तेही प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, छातीत धडधड थांबत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फुकट बोलता येतं, मराठीतही. बाईंना रक्तदाबाची तपासणी करून घ्यायला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. ताजं पान होतं: 'सायं. 5.40. मैदानावर मुलं अकरा. आमचा एक. वॉचमनच्या नातीला पाढे हवेत, उद्यापासून बाकावरच शिकवणार.'