गोव्याजवळ डोंगराळ भागात अस्वलांचे फोटो काढायला कुठे जावं आणि काय न्यावं?
मोले-म्हादईच्या रानात अस्वलं आहेत, पण झाडी दाट आणि वावर बहुतेक रात्रीचा. फोटोसाठी तिथे दिवस घालवू नका. सरळ कर्नाटकातलं दरोजी अस्वल अभयारण्य गाठा: मडगावहून रेल्वेने होस्पेट, पुढे गाडी. दुपारी तिथल्या टेकडीवर खडकांना गुळाचं मिश्रण फासतात, ते चाटायला अस्वलं कपारींतून खाली उतरतात. निरीक्षण मनोऱ्यापासून अंतर बरंच, म्हणून ५००-६०० मिमी लेन्स हवी; २०० मध्ये नुसता काळा ठिपका येतो. काळ्या केसांनी फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, छातीवरचा पांढरा पट्टा जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा येतो. एक्स्पोजर ०.७ स्टॉपने कमी करा. तापलेल्या खडकांवरची हवा थरथरते, फोकस बरोबर असूनही फोटो मऊ, धूसर येतो. संध्याकाळचा उजेड गाठा. लेन्स कठड्यावर टेकवायला बीन बॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) न्या, गर्दीत ट्रायपॉडची अडचणच होते.