भुताच्या वाड्याची रिळं हाती आली, आता?

‘भुताचा वाडा’ या भयपटाची, खानापूरच्या पावसात राहिलेली १६ मिमीची रिळं मिळाली, आता पुढे काय करू, असं तू लिहिलंस; वाचून जीव हरखला. पण लगेच प्रोजेक्टरवर चढवू नकोस रे! आकसलेल्या फिल्मची कडेची भोकं फाटतात. आधी डबा उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबट आला, तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची प्लॅस्टिकची पट्टी, कुजायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं, थंड कोरड्या जागी ठेव आणि स्कॅन त्याचंच आधी करून घे.

स्कॅन झाल्यावर चित्र साफ करताना नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, पुसून टाकतात. चेहरे मेणाचे दिसतात.
- अंधार उजळतात. वाड्यातला जिना काळाच हवा. कमी पैशातल्या भयपटाची सगळी भीती त्या काळोखातच असते.

मूळ स्कॅन जपून ठेव, काम प्रतीवर कर. रंगाचं नंतर बोलू. बेळगावला आलास तर रिळं घेऊन ये, भिंगाखाली एकत्र बघू.