मका ओला निघाला, करार १४ टक्क्यांचा

खरीप मक्याची कणसे भरलेली आणि वरून परतीचा पाऊस, असे झाले की आमच्याकडे येणारी निम्मी पत्रे करारांबद्दलची असतात. या वेळी त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे.

प्रश्न : पशुखाद्य कारखान्याशी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा १,००० क्विंटल मक्याचा करार आहे, ओलावा १४ टक्के. सभासदांकडे मोजला तेव्हा मका १,०५० क्विंटल भरला, ओलावा सरासरी २१. सात टक्के घट धरली तर ९७६ उरतो. म्हणजे तूट २४ क्विंटलचीच ना? (सिल्लोड)

नाही, तूट जवळजवळ दुप्पट आहे. वाळताना फक्त पाणी जाते, दाण्यातला कोरडा भाग तेवढाच राहतो. म्हणून सूत्र असे : हातातले वजन × (१०० − आताचा ओलावा) ÷ (१०० − करारातला ओलावा). तुमच्या बाबतीत १,०५० × ७९ ÷ ८६ = ९६४.५ क्विंटल. वाळवताना, चाळताना, भरताना सांडलवंड आणि माती-काडीकचरा यांत आणखी एक टक्का जातोच. तो धरला की ९५५ उरतात आणि तूट ४५ क्विंटलची होते. बुरशीचा माल बाजूला काढाल तो वेगळा.

दुसरी चूक सरासरीत होते. दहा सभासदांच्या ओलाव्याचे आकडे मिळवून दहाने भागू नका. २०० क्विंटलवाल्याचा आकडा २० क्विंटलवाल्याच्या दहापट वजनाने धरायला हवा. त्यापेक्षा प्रत्येकाचा माल सूत्राने १४ टक्क्यांवर आणा आणि मग बेरीज करा. सभासदाला पैसेही त्याच वजनावर द्या. ओल्या वजनावर पैसे वाटले तर वाळवणीची सगळी घट कंपनीच्या अंगावर येते.

प्रश्न : आमच्या यंत्रावर १४.२ दाखवतो, कारखान्याच्या गेटवर तोच मका १६ निघतो. आम्हाला फसवतात का? (कन्नड)

कधी कधी तसेही होते. पण आधी घरची कारणे तपासा. उन्हात झपाट्याने वाळवलेल्या दाण्याची साल कोरडी होते आणि आतला भाग ओलाच राहतो. बरीचशी यंत्रे विजेच्या गुणधर्मावरून ओलावा काढतात, म्हणून असा दाणा त्यांना खरा आहे त्यापेक्षा कोरडा वाटतो. पोत्यात आठ-दहा तासांत आतला ओलावा बाहेर झिरपतो आणि गेटवर आकडा चढतो. उन्हातून थेट उचललेल्या गरम दाण्याचा आकडाही चुकतो. म्हणून वाळवलेला मका रात्रभर सावलीत विसावू द्या आणि सकाळी थंड दाण्याचे तीन-चार वेळा मोजमाप घ्या. यंत्रात पीक ‘मका’ निवडले आहे ना, हेही पाहा. गव्हावर राहिलेले यंत्र आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

वाळवणाचा थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको, दर तासाला फावड्याने उलथा. संध्याकाळी गरम ढीग घट्ट ताडपत्रीखाली झाकला की आतून घाम सुटतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. आधी थंड होऊ द्या, मग झाका. मळणीची घाईही नको. २० टक्क्यांच्या वर ओल असताना मळणी यंत्रात दाणे चेचले जातात, कणी वाढते आणि चेचलेल्या दाण्यात बुरशी आधी शिरते. कणसे पसरून ओल १८ च्या आत आली की मळा.

गेटवरच्या वादासाठी गाडी भरतानाच नमुना काढा. फक्त वरच्या पोत्यांत नव्हे, खालच्या-मधल्या थरांतल्या पोत्यांतही परखी (नमुना काढायची टोकदार पोकळ नळी) घाला. सगळे एकत्र कालवून तीन भाग करा आणि जाड प्लास्टिक पिशवीत सीलबंद ठेवा. कागदी पाकिटात ओलावा उडतो. एक भाग तुमचा, एक कारखान्याचा आणि तिसरा वाद झाल्यास प्रयोगशाळेसाठी. ही पद्धत करारातच लिहून घेतलेली बरी.

प्रश्न : करारात १४ च्या वर प्रत्येक टक्क्याला वजनात एक टक्का कट आहे, १६ च्या वर माल परत. १५.५ वर आलेला मका आणखी वाळवावा का? (येवला)

एकास एक कट असेल तर वाळवून फायदा नाही. १५.५ वर १०० क्विंटल दिलेत तर ९८.५ चे पैसे मिळतात. वाळवून १४ वर आणलात तर ९८.२६ उरतात, शिवाय मजुरी. कट दीडपट असेल तर मात्र ९७.७५ चेच पैसे मिळतात, तेव्हा वाळवा. पण १५.५ चा माल गोदामात ठेवून गाडीची वाट पाहू नका, लगेच रवाना करा. आणि १५.५ म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे विसावलेल्या दाण्याचा आकडा, नाहीतर गेटवर १६ पार होईल. करारातले क्विंटल मोजताना कट गेल्यावरचे वजन धरतात की काट्यावरचे, तेही विचारून घ्या.

प्रश्न : थोड्या कणसांवर हिरवट-पिवळी बुरशी आहे. चांगल्या मालात मिसळली तर चालेल का?

नाही. ही बहुधा ॲस्परजिलसची बुरशी, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते वाळवून जात नाही. विष सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते, थोड्याच दाण्यांत प्रचंड असते. त्यामुळे दोन खराब पोती मिसळलेली गाडी एका परखीत पास होते आणि दुसऱ्या परखीत नापास. मानवी खाद्यासाठीच्या धान्याला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. कोंबडीखाद्यवाले आपली मर्यादा करारात वेगळी लिहितात, ती वाचा. निवड कणसावरच करा. मळणीनंतर दाणा वेगळा काढणे जवळपास अशक्य. काढलेली कणसे गुरांनाही घालू नका, दुभत्या जनावराच्या दुधात ते विष उतरते.

प्रश्न : तूट भरून निघणार नाही. पावसाने नुकसान झाल्याचा पंचनामा आहे. करारातून सुटका होते का?

करारात माल कसा लिहिला आहे, त्यावर सगळे अवलंबून. ‘१,००० क्विंटल मका’ एवढेच लिहिले असेल तर तो कुठूनही आणून देता येतो, म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ मधली अशक्यता सहसा लागू होत नाही. निव्वळ भाव चढले म्हणून करार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सैन्याला तूप पुरवण्याच्या खटल्यात सांगितले आहे. ‘या सभासदांच्या या गट क्रमांकांच्या शेतांत पिकलेला मका’ असे लिहिले असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. इंग्लंडमधला १९७२ चा एक निकाल इथे बंधनकारक नसला तरी वाचण्याजोगा आहे. स्वतःच्या शेतातले २७५ टन बार्ली द्यायचे ठरले आणि पिकले १४०. उरलेल्याची भरपाई शेतकऱ्यावर बसली नाही, पण पिकलेले १४० टन त्याने करारातल्या खरेदीदारालाच द्यायला हवे होते असे ठरले, कारण ते त्याने जास्त भावाने दुसऱ्याला विकले होते. तेव्हा गावातला व्यापारी शंभर रुपये जास्त देतोय म्हणून सभासदांनी माल वळवला तर पंचनाम्याची ढाल उपयोगाची नाही.

भरपाई द्यावीच लागली तर कलम ७३ प्रमाणे साधारणपणे करारातला दर आणि मुदतीच्या दिवसाचा बाजारभाव यांतला फरक. दंडाची मोठी रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ मुळे ती फक्त कमाल मर्यादा ठरते, मिळते ती वाजवी भरपाई. समजा करार क्विंटलला २,१५० रुपयांचा आहे आणि वाळलेला मका वाहतूक-हमालीसह २,३०० ला पडतो. ४५ क्विंटलची तूट बाहेरून भरायला ६,७५० रुपये लागतील. एवढ्यासाठी संबंध तोडू नका. फक्त ‘सभासदांचाच माल’ अशी अट असेल तर बाहेरचा घालण्याआधी लेखी संमती घ्या.

मुदतीआधी किमान दहा दिवस पत्र गेले पाहिजे : करार क्रमांक, १४ टक्क्यांवर आणलेला साठा, नेमकी तूट, पंचनाम्याची प्रत, आणि तुमचा प्रस्ताव (९५५ क्विंटल अमुक तारखांना, बाकीसाठी मुदतवाढ किंवा बाहेरचा माल). फोनवर ‘बघू’ म्हटले म्हणजे संमती नव्हे. पत्र ईमेलने आणि नोंदणीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. काही न कळवता कमी माल नेलात तर मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ३७ नुसार कारखाना संपूर्ण माल नाकारू शकतो. उतरवून ठेवून घेतला तर मात्र त्याला करारातल्या दरानेच पैसे द्यावे लागतात, म्हणून काटा पावती आणि माल उतरल्याची सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका.